उलट्या पायांचा राखणदार

रानडुकराला नेमकी कशाची भीती वाटते, या एका प्रश्नावर आमच्या घरात एकदा आठवडाभर खल चालला होता. मी तेव्हा चौथीत होते, आमचा जिल्हा आंध्रात होता, आणि बाबांनी आयुष्यातलं पहिलं वावर नुकतंच घेतलं होतं.

आता मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते. त्यात नाकात बोलणारी अस्वलं असतात, रुसके तडस असतात, विसरभोळी घुबडं असतात. कुठल्या शाळेत बोलावलं की कोणीतरी हमखास विचारतं, बाई, ही पात्रं तुम्हाला सुचतात कशी? मी काहीतरी गोल गोल बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की माझं या बाबतीतलं सगळं शिक्षण भीमपूरकडच्या एका कोरडवाहू वावरात, एका बुजगावण्याच्या पायाशी झालं. पण ते सांगायला बसलं की गोष्ट लांबते, आणि मुलांची खिचडीची वेळ झालेली असते.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. आमचे आजोबा जन्मभर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबणारा गडी. त्यामुळे दोन एकर जमीन बाबांच्या नावावर झाली तेव्हा पहिल्या दिवशी ते चपला हातात घेऊन वावरात शिरले. आई म्हणाली, काटे आहेत. बाबा म्हणाले, असू देत, आपले आहेत. मग संध्याकाळी आई सुई घेऊन त्यांच्या तळपायातले आपले काटे काढत बसली.

बाबांना पीक तर हवंच होतं, पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून ज्या काकांचं वावर होतं, त्यांनी आपल्याला बरोबरीचा शेतकरी म्हणावं, एवढंच. काका पिढीजात शेतकरी, मनानं चांगले, आवाजानं फार मोठे. ते बाबांना 'गुर्जी' म्हणायचे, प्रेमानं म्हणायचे, पण त्या प्रेमात आम्ही कायम पाहुणे होतो. बाबांनी पेरणी केली तर हे धुऱ्यावरून हसत ओरडायचे, "गुर्जी, ज्वारी पेरून राह्यले का फळ्यावर लिवून राह्यले?" बाबाही हसायचे. घरी आल्यावर मात्र जेवायचे नाहीत.

बाबांची दुसरी बाजूही आधीच सांगून टाकते. ते पक्के बौद्ध होते आणि नवस, देवदेवस्की, अंगात येणं यांचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. आमच्या वस्तीत नवसाचं बोकड कापणं त्यांनी घरोघर भाषणं देऊन बंद पाडलं होतं. लोकांना पटलं की ते कंटाळले, हे मी सांगू शकत नाही, पण बंद झालं हे खरं. भाषण देता देता बाबांना राग चढायचा. मग त्यांचा आवाज घोगरा व्हायचा आणि मान थरथरू लागायची. आई म्हणायची, यांना राग आला की फळीवरची भांडी वाजतात.

तर ज्वारी निसवली, कणसं भरली, आणि डुकरं आली. रोज सकाळी एक तुकडा आडवा पडलेला दिसायचा. बाबांनी आपला जुना सदरा आणि शाळेत मिळालेली टोपी चढवून एक बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी डुकरांनी त्याच्या पायाशीच खोदून ठेवलं होतं.

काका धुऱ्यावर येऊन कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. "गुर्जी, हे त तुमच्यावानीच दिसून राह्यलं. डुकराले वाटलं असंन, शाळा भरली."

बाबांना ते फार लागलं. त्या दिवसापासून ओसरीवर आमची बैठक सुरू झाली. बाबांचं म्हणणं असं की माणसाचं बुजगावणं मुळातच चूक आहे, कारण माणूस झोपतो हे डुकराला माहीत असतं. डुकरासाठी जनावरच हवं. आणि एका जनावराचं भागणार नाही, कारण जंगलात राहून डुकराला प्रत्येक जनावराची खोड ठाऊक झालेली असते. तेव्हा प्रत्येकातलं सगळ्यात भयंकर तेवढं निवडायचं आणि जोडायचं. बाबांनी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कोणाचं काय भिववतं, ते सांगा.

आई मंचेरियलची, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत वाढलेली. ती म्हणाली, "अय्यो, घुबडाची मान! आमच्या क्वार्टरसमोरच्या लिंबावर बसायचं. पाठ आपल्याकडे आणि तोंडही आपल्याकडे. त्याला बघून मी दोनदा दूध सांडलं आहे." मला वानराचे दात आवडत नव्हते. ते हसतं तेव्हा हसत नसतं, एवढं मला कळायचं. बाबांनी अस्वलाचं उभं राहणं निवडलं. अस्वल दोन पायांवर उभं राहून वास घेतं तेव्हा, ते म्हणाले, माणसाला उगाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. काकांनाही विचारलं, कारण बाबांना विचारायला निमित्तच हवं होतं. काका विचार करून म्हणाले, "तडसाची पाठ. मांगून बसल्यावानी आन पुढून उठल्यावानी. त्याचं कायी समजतच नाई बाप्पा, येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं."

मग बांधकाम सुरू झालं. अंगाला जुनी काळी घोंगडी आणि आत कडबा, तो तडसाच्या पाठीसारखा उतरता भरलेला. डोकं म्हणजे काजळी फासलेलं मोठं मडकं. ते दोरीवर असं टांगलं की वाऱ्यानं गरकन फिरेल. डोळ्यांना इचोड्याच्या रस्त्यावर मोडक्या ट्रकच्या मागच्या दिव्याच्या लाल काचा मिळाल्या. दातांना शाळेतले खडू. आवाजासाठी पोटात रिकामा डबा आणि त्यात गोटे. डुकराचं सगळं काम नाकावर चालतं, म्हणून वरून भरपूर फिनाईल. पायांना बाबांचे फाटके बूट, कारण अस्वलाचे पंजे आईला शिवता येईनात.

बाबांनी खांब खोल पुरला, दगड ठोकून घट्ट केला, घाम पुसून चार पावलं मागे गेले आणि बघतात तो घोटाळा झालेला. राखणदार गावाकडे तोंड करून उभा होता. डुकरं जंगलाकडून यायची. खांब हलेना. शेवटी बाबांनी फक्त मडकं फिरवून जंगलाकडे केलं, वाऱ्यानं ते गरकन इकडे वळलं तरी पुन्हा तिकडेच जाऊन थांबायचं, आणि बाबा म्हणाले, ठीक आहे, डुकरं पाय बघत नाहीत.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

"नाव अजिबात ठेवायचं नाही," बाबा म्हणाले. "नाव ठेवलं की आठ दिवसांत शेंदूर लागतो."

म्हणून आम्ही त्याला 'तो' म्हणायचो. पण नाव नसलं तरी स्वभाव लागतोच. संध्याकाळी बाबा शिकवल्यासारखं समजावून सांगत, की नुसता भयंकर प्राणी कोणाला भिववत नाही, त्याला काय आवडतं आणि काय नाही हे ठरलेलं असेल तरच तो उभा राहतो. मग आम्ही ठरवत बसायचो. तो लाजाळू आहे. गर्दी त्याला सोसत नाही. त्याला कायमची सर्दी आहे, म्हणून पोटातून तसा खडखड आवाज येतो. खातो काय? ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी.

"मटण?"

"नाही. आपल्या वावरात राहतो, आपल्या नियमानं राहील."

"पण आपण तर ऐतवारी खातो."

"ऐतवारी नाही, रविवारी म्हणावं. आणि ते वेगळं आहे." बाबा घरातही पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि मी 'काऊन' म्हटलं की जेवता जेवता थांबून 'का' असं दुरुस्त करायचे.

त्याच्या पायांचा उलगडा मी केला होता आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. तोंड जंगलाकडे आणि पाय गावाकडे, म्हणजे बिचारा घरी जायला निघतो आणि दरवेळी गावात पोचतो. म्हणून तो इथंच थांबला आहे. बाबा लगेच आईला म्हणाले, "ऐकलंस? हिला जमतंय."

आणि डुकरं खरंच थांबली! आमच्याकडची थांबली आणि काकांच्या वावरातलीही थांबली. माझ्या मते ती करामत फिनाईलची होती. त्या वासानं आम्हालाच वावरात जाववत नव्हतं. बाबा मात्र छाती काढून धुऱ्यावर फिरायचे.

तेवढ्यात काकांचा लंगडा बैल हरवला. सगळं शिवार पालथं घातलं, बैल नाही. काका हताश होऊन आमच्या वावराजवळ बसले आणि बसल्या बसल्या राखणदाराकडे बघून पुटपुटले, की पाहून राह्यला न तू, मंग दाखव बैल, बकरा देईन. दुसऱ्या दिवशी बैल सापडला. तो राखणदाराच्याच मागे, आमच्या ज्वारीत, पोट फुटेस्तोवर खाऊन रवंथ करत बसला होता. बाबा नुकसानीचं बोलायला तावातावानं धुऱ्यावर गेले, तर काका हात जोडून उभे. बाबांकडे नव्हे, त्यांच्या पलीकडे, मडक्याकडे बघून.

पुढच्या दिवशी मडक्यावर कुंकू होतं. बाबांनी ते पुसलं. नंतर नारळ. बाबा नारळ परत द्यायला गेले तर काकू घाबरून घरात पळाल्या. मग इतर गावांतून माणसं येऊ लागली. उलट्या पायाचा आहे म्हटल्यावर कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नव्हती. सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं, उलट्या पायांचं कोण असतं ते. पण हा लाल डोळ्यांचा, अस्वलाच्या अंगाचा आणि दवाखान्यासारखा वास येणारा, म्हणजे साधासुधा नसणार. बाबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं कुंकू पुसायचे, आणि लोक म्हणायचे, गुर्जी पहाटे उठून सेवा करते.

आई नारळ घरी आणायची. "नारळानं काय पाप केलंय?" ती म्हणायची. त्या महिन्यात आम्ही इतकी खोबऱ्याची चटणी खाल्ली की आजही इडलीचं आमंत्रण आलं तर मी जेवून आलेय म्हणून सांगते.

इथपर्यंत बाबा शुद्धीवर होते. पण मग लोकांनी त्याचा स्वभाव बदलायला घेतला, आणि बाबांचा तोल गेला. काका एक दिवस सांगत आले, की इचोड्याच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं शपथेवर सांगितलं, अंधारात काळं केसाळ काहीतरी आडवं आलं आणि म्हणालं, नागपूर छोड दोगे क्या.

"शक्यच नाही!" बाबा ओरडले. "तो लाजाळू आहे! अनोळखी माणसाशी तो बोलणारच नाही!"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "कोण बोलणार नाही?" तिनं विचारलं.

बाबा गडबडले. पण थांबले नाहीत. कोणी म्हणालं, त्याला शिंदीची दारू लागते, की हे भांडायला तयार. त्याला सर्दी आहे, तो शिंदी कशाला पिईल? एकदा तर भर बाजारात, भाजीवालीसमोर, बाबा थरथरत्या मानेनं म्हणत होते, "बाई, त्याचं लग्न झालेलं नाही! डोंगरात त्याची बायको असल्याचं साफ खोटं आहे!" भाजीवालीनं घाबरून मूठभर कोथिंबीर जास्त दिली. सगळ्या गावात त्याच्यावर विश्वास नसलेला माणूस एकच होता, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचा तोच. मी आज पात्रं लिहिते तेव्हा संपादकानं काही बदललं की माझीही मान अशीच थरथरते, म्हणून मी बाबांना हसत नाही. म्हणजे हसते, पण आधी स्वतःला हसून घेते.

मग एका संध्याकाळी काका आमच्या वस्तीत आले. ते पूर्वी कधी आले नव्हते. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. अंगणात उभे राहून म्हणाले, "गुर्जी, तुमच्या वावराचा मान मोठा झाला. येत्या ऐतवारी बकरा देतो. पंगत तुमच्याच वावरात. पयला घास तुमचा. आता तुमी आमी एक धुऱ्याचे."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जे वाक्य ऐकायला ते आसुसले होते ते अखेर दारात आलं होतं, आणि त्याच्या गळ्यात बोकड बांधलेलं होतं.

"भाऊ," बाबा म्हणाले, "बाकी सगळं ठीक. बोकड नको."

"काऊन? नवस माहा, बकरा माहा."

"वावर माझं आहे."

"वावर तुमचं. पन तो काय तुमचा हाय?"

"मग कोणाचा? मी केलाय त्याला! माझे बूट आहेत ते!"

काका समजुतीनं हसले. "लेकराले मायबापच करते गुर्जी. मंग लेकरू त्याहीचं आयकते काय?"

बाबांनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे असं पाहिलं, जणू काकांचा साक्षीदार मीच.

दुसऱ्या दिवशी बाबा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन निघाले, राखणदार पाडायला. काकांनी लांबूनच पाहिलं आणि कळवळून हाक दिली, "पाडू नका गुर्जी! कोपला त दोन द्या लागतीन!" बाबांनी सब्बल खांद्यावरून खाली घेतली. एक बोकड वाचवायला जाऊन दोन मारण्याचा हिशेब त्यांना परवडणारा नव्हता. त्या रविवारपर्यंत ते वस्तीतून मान खाली घालून फिरले. ज्या घरांत भाषणं दिली होती, त्याच घरांची माणसं आता ओसरीवरून विचारत होती, मास्तर, पंगतीला आमी बी यायचं काय?

रविवारी दुपारी, ज्वारी कापून मोकळं झालेलं वावर माणसांनी भरलं. डफ आला, चुली मांडल्या. बोकड काळं होतं, एक कान पांढरा, आणि ते गळ्यातला झेंडूचा हार मन लावून खात होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की बोकडाच्या डोक्यावर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं, की देवानं घेतलं. झाडलं नाही, तर देवाच्या मनात काहीतरी आहे, आणि ते विचारून घ्यावं लागतं. काकांनी पाणी घातलं. बोकड हार खात राहिलं. पुन्हा घातलं. बोकडानं ओठावरून ओघळलेलं पाणी चाटलं. तिसऱ्यांदा अख्खी घागर ओतली. ते चिंब भिजून उभं राहिलं आणि दुसरं फूल तोडलं.

लोक कुजबुजू लागले. बाबांना वाटलं, हीच वेळ. ते पुढे आले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. की बघा, त्या मुक्या जिवालाही नको आहे, हे मडकं आहे, ही घोंगडी आहे, हे खडू शाळेचे आहेत. कोणी ऐकेना. बाबांचा आवाज चढला, घोगरा झाला. मान थरथरू लागली, मग खांदे, मग हात. आमच्या घरी हे आठवड्यातून एकदा व्हायचं, म्हणून आई आणि मी शांत उभ्या होतो. पण गावानं हे पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

"आला!" कोणीतरी किंचाळलं. "गुर्जीच्या आंगात आला!"

डफ जोरात वाजू लागला. "कोण आला?" बाबा ओरडले. "कोणी आलेलं नाही! बंद करा ते!" आवाज आणखी घोगरा, थरथर आणखी जास्त. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. काकांनी गुडघे टेकले, हात जोडले आणि बाबांना, आपल्या गुर्जीला, म्हणाले, "देवा, काय चुकलं आमचं? बोल बाप्पा. तू सांगशीन तसं करतो."

बाबा थांबले. त्यांनी सुऱ्याकडे पाहिलं, बोकडाकडे पाहिलं, मग आईकडे. आईच्या तोंडात पदराचा बोळा होता, ती हसत होती की रडत होती कळत नव्हतं. तिनं हळूच मान हलवली. बोला.

बाबांनी डोळे मिटले.

"मले बकरा नको," ते म्हणाले.

मी आईचा हात घट्ट धरला. देवामुळे नव्हे. बाबांच्या तोंडून मी 'मले' हा शब्द त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

"काऊन आनला बकरा? म्या मांगतला काय? नारय आनून राह्यले! नारय काय दातानं फोडू? खडूचे दात हायेत माहे!" आवाज बाबांचा नव्हताच, कोणातरी म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचा होता. "रातदिस तुमच्या धुऱ्यावर उभा हावो. ऊन पाह्यलं नाई, थंडी पाह्यली नाई. तुमचं एक कनीस तोडलं नाई. डुकरं हाकलली, बैल राखला. कोनी इचारलं काय एक दिवस, की बाप्पा, तुले तहान लागली काय? भाकर खाल्ली काय? जेवाले सारे, आन राखनीले म्या एकटा?"

डफ बंद पडला. काका धडपडत उठले आणि झाडाखाली ठेवलेला आपला लोटा भरून घेऊन आले. एरवी काका आम्हाला पाणी द्यायचे ते वरून ओतून. लोटा उंच धरायचे, आम्ही ओंजळ करायचो. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, आणि बाबा काकांच्या वावराजवळ स्वतःला तहान लागू द्यायचे नाहीत. पण देवाला कोण वरून ओतणार? काकांनी लोटा दोन्ही हातांनी बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो ओठांना लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

नेमकं तेव्हाच बोकडानं अंग झाडलं. पहिल्या रांगेतले सगळे भिजले. "झाडलं! झाडलं!" एकच गलका झाला, आणि काका गोंधळून कधी बोकडाकडे, कधी बाबांकडे बघू लागले.

"थंडी वाजून राह्यली त्याले!" बाबा डोळे न उघडता गरजले. "पुसा त्याले!"

काकांनी आपल्या नव्या दुपट्ट्यानं बोकड पुसलं. पंगतीला भाकर आणि अंबाडीची भाजी झाली. लोक जरा नाराज होऊन जेवले, पण जेवले.

घरी आल्यावर बाबा भिंतीला टेकून बसून राहिले. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. "सगळ्या गावासमोर."

"कोणता शब्द खोटा होता?" आईनं विचारलं.

बाबांनी खरंच विचार केला. "दात माझे खडूचे नाहीत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं माझ्या बापाचं होतं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला. मला तेव्हा एवढं रडू आलं की मी त्यांच्या मांडीत जाऊन शिरले. माझे बाबा जगात सगळ्यात मोठे आहेत असं मला वाटलं, आणि ते मत मी नंतर बदललं नाही.

पण बाबांना चैन पडेना. पाणी त्याला दिलं होतं, मास्तरला नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला घेऊन सरळ धुऱ्यावर गेले. काका पलीकडे गवत कापत होते.

"भाऊ," बाबा त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "मला तहान लागली आहे. थोडं पाणी द्या."

काकांनी लोटा भरला. सवयीनं त्यांचा हात वर गेला. बाबांनी ओंजळ केली नाही, हात बाजूलाच ठेवले. काकांचा हात वरच थांबला.

"कोन मांगून राह्यलं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. "तुमी, का तो?"

"मी," बाबा म्हणाले. त्यांची मान थरथरत होती आणि या वेळी तो राग नव्हता. "मास्तर."

काकांनी हात खाली आणून लोटा पुढे केला. "घ्या," ते म्हणाले. बाबा प्यायले आणि लोटा परत दिला. काकांनी लोट्याकडे पाहिलं, उरलेलं पाणी स्वतः तोंड लावून पिऊन टाकलं, मिशी पुसली आणि एकदम ओरडले, "आन हे काय हो मास्तर? धुरा कोरून राह्यले तुमी! हातभर माह्या वावरात आले!"

"मी? धुरा तुम्ही कोरलाय! माझी खूण होती इथं!"

"कोनती खून? दाखवा न खून!"

सूर्य मावळेपर्यंत दोघं भांडत होते. काकांनी बाबांना लबाड म्हटलं, बाबांनी काकांना जमिनीचे तंटे बघणाऱ्या गिरदावराकडे खेचायची धमकी दिली. घरी येताना बाबा इतक्या भराभर चालत होते की मला पळावं लागलं. दारातूनच त्यांनी आईला हाक मारली.

"ऐकलंस का? भाऊ माझ्याशी धुऱ्यावरून भांडले!"

आईनं त्या दिवशी गोड केलं.